सुकरी किती अक्षरांची?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. सी नावाच्या भाषेत लिहिलेला, दोनशे सोळा ओळींचा. प्रोग्रॅमला तोंड कुठून आलं, असं विचारू नका. तुमच्या वह्यांमध्ये छत्री बोलते, फळा बोलतो, फाटकं पुस्तकसुद्धा रडगाणं गातं. मग मी दोन शब्द बोललो तर काय बिघडलं? शिवाय मी बोलेन ते मोजूनमापून बोलेन. मोजणं हेच माझं काम होतं, आणि माझ्या हातून जी चूक झाली तीही मोजण्यातच झाली.

माझा जन्म १९९८ साली चंद्रपूरला झाला. जटपुरा गेटजवळच्या एका गल्लीत संगणकाचे वर्ग चालत. तिथे रुपाली मॅडम शिकवायच्या. त्या तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. वर्गातला संगणक विद्यार्थ्यांच्या ताब्यात असायचा, म्हणून त्यांनी मला आधी दोनशे पानी वहीत पेन्सिलीने लिहिलं आणि दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं करून टाइप केलं. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव आणि फोन नंबर घातला. काही अडलं तर विचारा, एवढाच त्याचा अर्थ.

मला कशासाठी लिहिलं तेही सांगतो. शहरात एका संस्थेचं वसतिगृह होतं. आलापल्लीच्या पुढच्या जंगलातली मुलंमुली आश्रमशाळेतून दहावी झाली की अकरावी-बारावीसाठी इथे येऊन राहत. अर्ज शाळेकडून यायचा, आणि मनात धाकधूक असल्यामुळे पुष्कळ मुलं दुसरा अर्ज स्वतः पोस्टानेही पाठवायची. एका मुलाचे दोन अर्ज झाले की यादीत एकाच मुलासाठी दोन जागा अडायच्या. संस्थेतली माणसं ते अर्ज जमिनीवर पसरून आठ आठ दिवस जुळवत बसायची.

मॅडमनी मला नियम शिकवला तो अगदी सोपा होता. गाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि मुलाचं नाव, ही चारही जुळली तर माणूस एकच. पहिला अर्ज ठेव, दुसरा काढून ‘टाकलेले’ नावाच्या यादीत घाल. छापील अर्जावर मुलाच्या नावासाठी चौदा चौकटी होत्या, म्हणून नाव जुळवताना पहिली चौदा घरं तपास, असं त्यांनी मला सांगितलं. चौदाच्या वर कुणाचं नाव जातच नव्हतं.

हे ‘घर’ काय असतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. एक आकडा जिथे राहतो त्या घराला बाइट म्हणतात. त्या काळी आम्ही ज्या मराठी टायपात काम करायचो त्यात एका खुणेला एक घर लागायचं. ‘सुकरी’ हे नाव घ्या. स, त्याचा उकार, क, र आणि शेवटची वेलांटी. पाच खुणा, पाच घरं. माझ्या चौदा घरांत असं नाव ऐसपैस बसायचं.

पहिल्याच वर्षी आठ दिवसांचं काम मी चहा गार व्हायच्या आत केलं. मॅडमना शाल आणि श्रीफळ मिळालं. मला कुणी काही दिलं नाही, पण दसऱ्याला मी राहत होतो त्या संगणकाला हळदकुंकू वाहिलं गेलं, ते मी माझंच धरलं. नंतरची सहा वर्षं माझी एकही चूक निघाली नाही. मला गर्व चढला होता, हे कबूल करतो. मला शंका नावाची गोष्टच येत नाही. तेव्हा तो मला माझा मोठा गुण वाटायचा.

माझ्या जन्मानंतर वर्षभरातच मॅडमना मूल या गावी शाळेत नोकरी लागली आणि त्या तिकडे गेल्या. माझा कारभार धनराजभाऊंकडे आला. धनराजभाऊ म्हणजे संस्थेचे संगणकवाले. माणूस मनाने चांगला, कामाला वाघ, पण माझ्यावर भलताच विश्वास. कुणी यादीबद्दल कुरकुर केली की ते पडद्यावर बोट आपटून म्हणायचे, “मशीन खोटं बोलत नाई भाऊ.” मला ते ऐकायला फार आवडायचं.

२००५ च्या सुरुवातीला संस्थेत नवा संगणक आला. त्यात लिनक्स नावाची नवी कार्यप्रणाली होती आणि मराठी लिहिण्याची नवी पद्धत होती, युनिकोड. जगातल्या सगळ्या भाषांची सगळी अक्षरं एकाच व्यवस्थेत बसवायची म्हणजे एक घर पुरणार कसं? त्या पद्धतीत मराठीच्या प्रत्येक खुणेला तीन घरं लागतात. काना असो, उकार असो, वेलांटी असो, प्रत्येकाला तीन. धनराजभाऊंनी मला जुन्या संगणकावरून नव्यावर आणलं, चालवून पाहिलं, मी चाललो, आणि ते चहाला गेले. नावांची लांबी तिप्पट झाली आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणून मीही विचारलं नाही.

छापून यायची ती यादी अगदी सुबक यायची. नावं पूर्ण, टाइप सुंदर. फक्त जुळवताना मी जुन्या सवयीने चौदा घरांवर थांबायचो. तीन-तीनच्या चार खुणा म्हणजे बारा घरं, आणि पाचव्या खुणेची दोन घरं. तिसऱ्या घरापर्यंत मी पोचतच नव्हतो.

आता जून २००६ ची गोष्ट ऐका. गुरुवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात एक माणूस आणि एक मुलगी आली. माणसाचं नाव इसरू, आलापल्लीच्या पलीकडे बस जिथे थांबते तिथून आठ किलोमीटर आतल्या गावचा. मुलगी त्याची लेक सुकरी. पहाटे चालत निघून, दोन बस बदलून दोघं आली होती. सुकरीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रिका होती.

“शाळेत यादी लागली भाऊ,” इसरू म्हणाला. “पोराचं नाव हाय. पोरीचं नाई. काऊन नाई, ते इचाराले आलो.”

धनराजभाऊंनी ‘टाकलेले’ची यादी काढली. “हे पाहा, हाय ना इथी. डबल अर्ज होता म्हून काढला. सुकरू इसरू, गाव तेच, तारीख तेच.”

“तो सुकरू. हे सुकरी.”

“नाव तं एकच हाय ना जी!”

“एक कसं होईन? पोरगा शुक्रवारचा म्हून सुकरू. पोरगी बी शुक्रवारची म्हून सुकरी.”

मित्रांनो, त्या गावांमध्ये मूल ज्या वारी जन्मतं त्या वारावरून त्याचं नाव ठेवायची रीत आहे. मंगळवारचा मुलगा मंगरू आणि मुलगी मंगरी. बुधवारचा बुधरू, बुधवारची बुधरी. नाव तेच राहतं, शेवटची खूण तेवढी बदलते. मुलगा की मुलगी हे त्या एका खुणेवर कळतं.

“पण जन्मतारीख?” धनराजभाऊ हटायला तयार नव्हते. “एक जून, एक जून. जुळे हायेत का?”

“जुळे नाई. सुकरू मोहफुलाच्या वक्ताचा. सुकरी दुसऱ्या सालची, धान कापाच्या वक्ताची. दोघायले एकाच दिवशी शाळेत टाकलं, तं गुरुजीनं दोघायची एकच तारीख लिवली.”

हेही खरं होतं. जन्माची नोंद नसलेल्या मुलांना गुरुजी सरसकट एक जून ही तारीख देत. माझ्या यादीतली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मली होती, आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. अर्जात मुलगा किंवा मुलगी असा एक रकाना होता, पण शाळा तो बहुतेक वेळा कोरा ठेवायच्या. म्हणून मला तो बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

धनराजभाऊ जरा अडखळले. मग म्हणाले, “काका, शनिवारी पाच वाजता यादी बंद होते. मशीननं काढलेलं नाव मी हातानं कसं टाकू? उद्या कोनी बी येऊन म्हणन, माहं बी टाका. एक करता येते. सुकरूच्या जागेवर हिचं नाव घालतो. एक जागा तं तुमची हायच.”

इसरूने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, “सुकरू बी तेच म्हणे. मी नाई जात, तिले धाडा, तिचे मार्क जास्त हायेत म्हणे. पण दोघं पास झाले तं एकच काऊन जाईन? कोनाले घरी बसवू मी?”

तेव्हा सुकरी पहिल्यांदा बोलली. तिला एकाहत्तर टक्के होते, तिच्या भावाला अठ्ठावन्न. “भाऊ, मी इथी उभी हाय,” ती म्हणाली. “तुमाले दिसून राह्यली ना? मग दोन माणसं हायेत का एक, ते मशीनले काऊन इचारता?”

 धनराजभाऊ मनाचे चांगले होते, ते मी आधीच सांगितलं. त्यांनी मला उघडलं, माझ्या पहिल्या ओळीतला नंबर लावला, तो संगणकाच्या वर्गाचा निघाला, आणि तिथल्या जुन्या मालकाकडून मॅडमचा मूलचा नंबर मिळवला. इसरू आणि सुकरी त्या दिवशी वसतिगृहाच्या ओसरीवर मुक्कामाला राहिली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास रुपाली मॅडम मूलच्या बसने आल्या. सात-आठ वर्षांनी त्यांनी मला पाहिलं. कौतुक वगैरे काही केलं नाही. खुर्ची ओढली आणि मला विचारलं, ‘सुकरी’ची लांबी किती? मी पटकन सांगितलं, पंधरा.

मॅडमचे हात थांबले. “पंधरा? पाच यायला पाहिजे.” मग त्या सुकरीकडे वळल्या. “काय गं, तुझ्या नावात अक्षरं किती?”

“तीन,” सुकरीने बोटांवर मोजलं. “सु, क, री.”

मॅडम हसल्या. “मी पाच म्हणते, हा पंधरा म्हणतो, तू तीन म्हणतेस.”

“मग खरं कोनाचं?”

“तिघांचंही. मी खुणा मोजल्या, यानं घरं मोजली, तू बोलून मोजलंस. मीच याला काय मोजायचं ते नीट सांगितलं नव्हतं.”

मला फार ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी बरोबर मोजत होतो, पण काय मोजतोय ते मला ठाऊक नव्हतं.

सी भाषेत एक छोटं अवजार आहे, एमबीलेन नावाचं. एखाद्या ठिकाणापासून सुरू होणारी पुढची खूण किती घरांची आहे, एवढंच ते सांगतं. खूण ओळखता आली नाही किंवा अर्धवट निघाली तर उणे एक म्हणतं. मॅडमनी ते माझ्यात बसवलं आणि पहिल्याच फेरीत मी म्हणालो, उणे एक. ‘स’पासूनच अडलो. मॅडमनी कपाळावर हात मारला. कोणत्या भाषेच्या रीतीने वाचायचं ते आधी सांगावं लागतं, आणि ते न सांगता नुसतं माप हातात दिलं तर माझ्यासारख्याला मराठीचं पहिलं अक्षरही कळत नाही. त्यांनी एक ओळ वाढवली: मराठी, युनिकोड. मग मी पुन्हा निघालो. तीन, तीन, तीन, तीन, तीन. पाच पावलांत नाव संपलं.

तेवढ्यात वीज गेली. ज्या गावात विजेचा एवढा मोठा कारखाना आहे तिथेही वीज जायचीच. दीड तास सगळे ओसरीवर बसले. धनराजभाऊ सारखे घड्याळ बघत होते, आणि इसरूने तीनदा विचारलं की शनिवारचे पाच म्हणजे उद्याचेच ना.

वीज आल्यावर मॅडमनी मला ‘सुकरी’ची फक्त चौदा घरं दिली. मी चाललो: तीन, तीन, तीन, तीन, उणे एक. मग ‘सुकरू’ची चौदा घरं दिली. पुन्हा तेच. त्यांनी घरांतले आकडे पडद्यावर मांडले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

“हे बघा. वेलांटीची तीन घरं. दोनशे चोवीस, एकशे पासष्ट, एकशे अठ्ठावीस. आणि हा दीर्घ उकार. दोनशे चोवीस, एकशे पासष्ट, एकशे तीस. पहिली दोन सारखीच. फरक आहे तो शेवटच्या घरात. नावाच्या पंधराव्या. आणि हा चौदावर थांबतो.”

“म्हणजे यानं पोरीची येलांटी कापली,” धनराजभाऊ म्हणाले.

“पोराचा उकारही कापला,” मॅडम म्हणाल्या. “पण आश्रमशाळेच्या हजेरीत मुलं आधी आणि मुली मागून, अर्जही त्याच क्रमाने येतात. पहिला अर्ज ठेव आणि दुसरा टाक, असं मीच याला शिकवलं. मग कोण राहणार आणि कोण जाणार?”

इसरूला आकडे कळले नसतील, पण हे त्याला बरोबर कळलं. तो म्हणाला, “तं हे एकटी नसन.”

मॅडमनी मला पूर्ण दुरुस्त केलं. आता मी घरं न मोजता खुणा मोजू लागलो आणि नाव शेवटपर्यंत जुळवू लागलो. त्या वर्षीचे सगळे अर्ज त्यांनी माझ्यातून पुन्हा काढले. खरोखरचे दुहेरी अर्ज मी पुन्हा बाजूला काढले. पण चार नावं परत आली. सुकरी, बुधरी, सोमारी आणि दुसऱ्या एका गावची सुकरी. चारही मुली होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी नवी यादी छापली आणि शनिवारी दुपारी तिच्यावर सही झाली. सुकरू आणि सुकरी, दोघंही यादीत होते. इसरूने यादीवरचं लेकीचं नाव धनराजभाऊंकडून दोनदा वाचून घेतलं. मॅडमनी वेलांटीवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याने हात जोडले आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला. तो सांगायला लाज कशाची?

पण निघताना सुकरी दारात थांबली. “मॅडम, मागच्या साली बी हेच मशीन होतं ना?”

 मॅडम परत आत आल्या आणि त्यांनी २००५ ची ‘टाकलेले’ यादी उघडली. ती वर्षभरात कुणी उघडली नव्हती. तेवीस नावं होती. बावीस खरोखरची दुहेरी. तेविसावं नाव मंगरी.

“मंगरू तं इथीच हाय, बारावीले,” धनराजभाऊ हळूच म्हणाले. “त्याले बहीण हाय म्हून कोनी सांगतलंच नाई.”

मंगरू सुट्टीवरून परत आला तेव्हा त्यांनी त्याला बोलावून विचारलं. तो खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, “यादी लागली तं तिचं नाव नोहतं. तिले वाटलं, आपले मार्क कमी पडले. कोनाले काई बोलली नाई. मग आंध्रात मिरची तोडाले गेली, आता तिकडंच हाय.”

संस्थेने तिच्यासाठी जागा ठेवून पत्र पाठवलं. धनराजभाऊंनी ते स्वतः नेऊन तिच्या घरी दिलं. दोन महिने वाट पाहिली. मंगरी आली नाही, आणि ती जागा ऑगस्टमध्ये दुसऱ्या मुलाला गेली.

त्यानंतर मी आणखी तीन वर्षं काम केलं. धनराजभाऊ दर जूनला ‘टाकलेले’ची यादी छापून एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि शंका आली की शाळेला फोन लावायचे. मशीन खोटं बोलत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. २००९ साली संस्थेने दुसरी व्यवस्था घेतली. आता माझा संगणक वसतिगृहाच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे आहे, आणि त्याच्या पोटात ‘जुने’ नावाच्या कप्प्यात मी पडून आहे. उंदरांनी एक वायर कुरतडली आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात की आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. पोत्यांमागे माझं बरं चाललं आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखे प्रोग्रॅम लिहील, कुणी ते चालवील. त्यांच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. आम्ही निवडलेली नावं सगळेच वाचतात. आम्ही टाकलेली नावंही एकदा वाचा, आणि एखादं तरी दार ठोठावून विचारून या. सुकरी इतक्या लांबून विचारायला आली. मंगरी आली नाही, आणि तिने यायला हवं होतं असं मला म्हणता येत नाही. चूक माझी होती, ती शोधत यायचं काम तिचं कसं?

मंगरीला चौऱ्याहत्तर टक्के होते. ते कमी नव्हते.